दोन दात

"पंच्याऐंशी नंबर काढून टाका मॅडम. त्या पोरीची तारीख खोटी आहे," पुनीतभाई म्हणाले आणि त्यांनी चहात बिस्किट बुडवलं. सकाळचे अकराच वाजले होते, पण बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि मला हसू आलं. हसू यायला कारण होतं. पंच्याऐंशी नंबरची पोरगी मी होते. यादीत माझा फोटो मीच गुपचूप सरकवला होता, पुनीतभाईंची खोड मोडायला. त्यांचे आजोबा प्रेमचंदशेठ डोळे मिटून कापड चिमटीत धरायचे आणि ते कुठल्या गिरणीचं ते सांगायचे म्हणे. नातवाने दुकानाची गादी सोडून माझ्याबरोबर दाताचा दवाखाना टाकला, पण ऐट तीच. जबड्याचा फोटो उजेडासमोर धरायचा आणि मुलाचं वय सांगून मोकळं व्हायचं. म्हटलं, बघू या पंच्याऐंशीला किती सांगतात. "कितीची वाटते?" मी विचारलं. "सातची. फार ताणली तर साडेसात. तुमच्या कागदावर नऊ वर्षं पाच महिने लिहिलंय." बिस्किट चहात पडलं आणि ते चमच्याने काढत बसले. मी म्हटलं, पुन्हा बघा. ते म्हणाले, दोनदा बघितलंय.

आमचं काम तसं साधं आहे. मुलाचा जबडा कधी वाढतो ते कळलं तर वाकडे दात सरळ करायची वेळ साधता येते. पण पुस्तकातली कोष्टकं परदेशातल्या मुलांच्या दातांवरून केलेली. आपल्या नंदुरबारची, रनाळ्याची, तळोद्याची मुलं त्या वेळापत्रकाने वाढतात की स्वतःच्या, हे कुणी पाहिलेलं नाही. म्हणून चार वर्षं आम्ही जुने-नवे तीनशे वीस फोटो गोळा केले. सबंध जबडा एका पट्टीत उलगडून दाखवणारे मोठे एक्स-रे. नाव झाकायचं, फक्त नंबर ठेवायचा. मग खालचे डावीकडचे सात दात एकेक करून बघायचे: हाडाच्या आत नुसती टोपी तयार झालीय, की मूळ फुटलंय, की मुळाचं टोक मिटलंय. प्रत्येक दाताचे आठ टप्पे. बेरीज केली की वय निघतं, आणि ते जन्मतारखेशी ताडून बघायचं. खरी अडचण जन्मतारखेची. आमच्याकडे निम्मा जिल्हा एक जूनला जन्मलेला आहे. बाप पोराला घेऊन शाळेत गेला की मास्तर विचारणार, जन्म कधीचा. बाप सांगणार, भुईमूग उपटणी चालू होती. मास्तर एक जून लिहून मोकळे. एक जूनवाले सगळे आम्ही आधीच बाद केले. माझी तारीख तशी नव्हती. सतरा नोव्हेंबर एकोणीसशे एकोणनव्वद, कोरीट, ग्रामपंचायतीच्या वहीतली नोंद. आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, त्याचा कोण अभिमान. पारावर बसून सांगायचे, मन्ही पोरनी तारीख पक्की शे, मास्तरनी लिखेल नहीं. आता वाटतं, ते ही गोष्ट जरा जास्तच वेळा सांगायचे.

पुनीतभाई पेशंटकडे गेल्यावर मी पंच्याऐंशी नंबर लाइटच्या काचेवर लावला. लहान मुलाच्या जबड्याचा फोटो पहिल्यांदा बघणारी माणसं दचकतात. तोंडात दुधाच्या दातांची ओळ असते, आणि तिच्या खाली, हाडात, दुसरी ओळ दबा धरून बसलेली असते. वर तशीच डोळ्यांच्या खोबणीपर्यंत. खालचा दात वर येताना दुधाच्या दाताचं मूळ विरघळवत येतो, आणि मूळ संपलं की वरचा पडतो. मी हे दहा वर्षं आयांना हसतहसत समजावत आलेय. त्या दिवशी मात्र नजर हलेना. दुसऱ्या दाढेची नुसती टोपी होती, मुळाचा पत्ता नव्हता. नऊ वर्षांच्या मुलीत तिला चांगलं मूळ हवं. मी बेरीज केली, सात आली. मन मानेना. पुनीतभाईंना म्हटलं, वीस फोटोंत मिसळून नवे नंबर घालून द्या, मी न ओळखता वाचते. तीन दिवस तीनदा वाचलं, तीनदा सात. पण न ओळखता हे खोटंच, कारण त्या फोटोला खूण होती. उजव्या कानात बाळी होती, ती काढायची राहिली होती. असा धातू अंगावर राहिला की त्याची एक मोठी, पुसट सावली फोटोत पलीकडच्या बाजूला, थोडी वर उमटते. जिथे काही नाही तिथे. आमच्या पुस्तकांत तिला सरळ भूतच म्हणतात. डाव्या गालाच्या हाडावर ते भूत तरंगत होतं आणि मी सातचा आकडा पुसून पुन्हा लिहीत होते. दातांच्या वयात वर्षभराचा फरक मी समजू शकते. अडीच वर्षांचा नाही. मी वाचायला चुकत असेन तर तीनशे वीस मुलांचं, चार वर्षांचं काम पाण्यात. आणि बरोबर वाचत असेन तर ती सतरा नोव्हेंबरची मुलगी मी नव्हे.

तो फोटो सुरतचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावरून हनुवटीवर पडले होते, आणि आबा मला आणि मायला रेल्वेने सुरतला घेऊन गेले होते. एक मोठं यंत्र डोक्याभोवती फिरलं, तोंडात काडी चावून ठेवायला लावली. तिथल्या बाईने बाळी काढायला सांगितलं तर मायने तिचा हात धरला होता. माय म्हणजे माझी आई, कौसाबाई. कुणाशी चढा आवाज न करणारी बाई, पण त्या बाईचा हात सोडेना. बाळी एकाच कानात का, हे मी कधी विचारलं नाही. लहानपणी आपल्या अंगावर जे असतं ते सगळ्यांच्याच अंगावर असतं असं वाटतं. आता एकेक आठवायला लागलं, आणि आठवणींना धरबंध राहिला नाही. पहिलीच्या वर्गात मी सगळ्यांत बुटकी. मला पाटी उचलायची नाही. दुसरीत सगळी पोरं बोळकी झाली, शीळ घालायला लागली, आणि माझा एकही दात हलेना. गुरुजी म्हणायचे, काजलचे दात सरकारी दिसतात, वेळेवर निघत नाहीत. वर्ग हसायचा, मीही हसायचे. वयात यायलाही सगळ्यांच्या मागून. जी ती बाई म्हणायची, उशिरानी शे. पुढे लग्नाचं बघताना आबा माझी पत्रिका घेऊन प्रकाशा गावच्या जोशांकडे गेले. जोशीबुवांनी ती बघितली, घडी घालून परत दिली, दक्षिणा घेतली नाही, आणि मुलगी खुशाल आहे ना असं विचारलं. आबा घरी येऊन हे हसतहसत सांगत होते आणि माय चुलीपुढून उठून बाहेर गेली. मी पत्रिका मानत नाही. एक्स-रे मानते. लग्न जमलं नाही ते मला कुणी पसंत पडलं नाही म्हणून, पत्रिकेला उगाच श्रेय नको. पण त्या आठवड्यात पहिल्यांदा मी ती पत्रिका शोधून काढली.

आणि बोट. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी झोपले की माय माझ्या तोंडात बोट घालायची. खालच्या हिरडीवरून, समोरून, हळूच फिरवायची, जणू काही हरवलेलं शोधतेय. दिवसभर पथारीवर, मिरच्या वाळत घालायच्या मैदानावर, मिरच्या निवडून आलेली ती बोटं, कितीही धुतली तरी तिखट. जीभ चुरचुरायची, डोळ्यांत पाणी यायचं, मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचे. का कोण जाणे, ते बोट मागे घेतलं जाईपर्यंत हलायचं नाही असं मला वाटायचं. सगळ्या आया असं करत असतील अशी माझी समजूत होती. आज मी दिवसातून वीस तोंडांत बोट घालते, हातमोजा घालून, आणि मूल जरा कळवळलं की माझ्याच जिभेला तिखट लागतं. त्या आठवड्यात तर दात घासताना, जेवताना, गाडी चालवतानासुद्धा माझी जीभ खालच्या समोरच्या दातांवर जाऊन बसायची. मोजायची. त्यांच्याखाली अजून कुणी आहे का ते चाचपायची. फोनवर कुणी "काजल मॅडम?" म्हटलं की मी क्षणभर थांबायचे, दुसरं कुणी ओ देतंय का म्हणून. पस्तीस वर्षांची बाई मी, कागदावर तरी, आणि स्वतःच्या नावाला ओ द्यायला मला भीती वाटत होती.

त्यातूनच ते दुसरं ध्यानात आलं, आणि आलं ते मडक्यांच्या दुकानासमोर. आखाजी तोंडावर आली होती. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात आणि मेलेली माणसंही घरी येतात. त्यांच्यासाठी मातीची घागर पाण्याने भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, सांजोऱ्या ठेवायच्या. आबा गेल्यापासून माय त्यांची घागर भरते. कुंभारणीकडे मायने दरवर्षीप्रमाणे एक मोठी घागर घेतली आणि एक लहान, ओंजळीत मावेल एवढी. लहान घागर ती आबा जिवंत असल्यापासून घेते. ती शेतात नेते, बांधावरच्या कडुलिंबाखाली एक दगड आहे तिथे ठेवते. कुठलं तरी शेतातलं दैवत असेल, असं मी धरून चालले होते. शिकलेल्या माणसाला आपल्या घरातलं काही विचारायची लाज वाटते. कुंभारीण गुलाबबाई मला निरखत मायला म्हणाली, "हाई तुन्ही आंडेर का?" म्हणजे ही तुझी लेक का. माय म्हणाली, "हा, धाकली." आणि मी तिथेच उभी राहिले. मला घरात धाकलीच म्हणतात. माय तर दुसरं काही म्हणतच नाही. तिच्या तोंडून काजल हे नाव मी आजवर एकदाही ऐकलेलं नाही. धाकली म्हणजे लहानगी, लाडाची, असं मी समजत आले. पण मी एकुलती एक. मला मोठी कुणी नाही. मग मी धाकली कुणापेक्षा?

विचारायचं कसं, हा प्रश्न राहिला. मायची तब्येत तोळामासा झालेली, रक्तदाब वर-खाली. तिने पस्तीस वर्षं दाबून ठेवलेलं काही मी एका फोटोसाठी उकरून काढायचं, आणि तिला काही झालं तर? चार दिवस मी तिच्यासमोर बसून भाकरी खाल्ली आणि तोंड उघडलं नाही. शेवटी मी विचारलं ते दवाखान्यात, आणि विचारलं तेही भेकडासारखं. मायच्या तोंडात आता एकही दात नाही. दात गेले की जबड्याचं हाडही झिजत जातं, कारण त्याला धरून ठेवायला काही उरत नाही. कवळीला वर्षभर नाही-नाही म्हणत ती त्या दुपारी तयार झाली. खालच्या जबड्याचं माप घ्यायला मी ट्रेमध्ये गुलाबी मसाला कालवून भरला आणि तिच्या तोंडात बसवून बोटांनी दाबून धरला. तीन मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही, असं पेशंटला सांगायचं असतं. मी सांगितलं. मायने मान डोलावली. आणि तिला बोलता येत नाही हे बघून मी म्हटलं, "माय, मी कोनपेक्षा धाकली शे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. माझी दोन्ही बोटं तिच्या तोंडात होती, मला काढता येत नव्हती, तिला मिटता येत नव्हतं. मसाला घट्ट होत गेलेला बोटांना कळत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं, तसं ते माप घेताना पुष्कळांचं ओघळतं. मला स्वतःची इतकी शरम आयुष्यात वाटली नाही. तीन मिनिटं झाल्यावर मी ट्रे ओढून काढला. तिच्या हिरड्यांचा ठसा त्यात स्वच्छ उमटला होता, एकही खड्डा नसलेला. मायने चूळ भरली, पदराने तोंड पुसलं, आणि मी काही विचारलंच नव्हतं अशा साध्या आवाजात म्हणाली, "दोन दात व्हतात तिले."

मग तिने सांगितलं. थांबत थांबत सांगितलं, पण रडली नाही. पहिली मुलगी, दहा महिन्यांची. पोळ्याच्या आदल्या दिवशी तापाने गेली. घरात माणसं जमली तेव्हा आबांचे थोरले चुलते भटूबाबा दारात येऊन मायला विचारते झाले की लेकराला दात आलेत का. हा प्रश्न का, ते मला सांगावं लागलं नाही. दात न आलेल्या लेकराला आमच्याकडे पुरतात. दात आलेल्याला जाळतात. "मी बोट घालीसन देखं," माय म्हणाली, "खाले दोन व्हतात. कनीसारखा. आठ दिन व्हयेल व्हतात येवाले. मी सांगं, नहीं शेतस." कुणी मायच्या शब्दावर संशय घेतला नाही, कुणी मुलीचं तोंड उघडून बघितलं नाही. आपल्याच शेतात, लिंबाखाली पुरली. जाळू द्यायची नव्हती, बस. पण खोटं बोलले ते दातांशी बोलले, असं तिच्या मनाने घेतलं. पुढे दीड वर्षाने मी झाले, होळीच्या सुमाराला, प्रकाशाला मायच्या माहेरी. तिथे कुणी नोंद केली नाही. आधीचं लेकरू गेलं की पुढच्याचा एकच कान टोचतात, तसा माझा उजवा टोचला. माझ्या तोंडात ती बोट घालायची ते दात आलेत का बघायला. आल्यावर, ते आहेत ना बघायला. माझे दुधाचे दात इतके दिवस पडले नाहीत तेव्हा ती मनातून खूश होती, असं ती म्हणाली.

"आनि नाव?" मी विचारलं. ते तिला जड गेलं. दवाखान्याच्या त्या खुर्चीवर ती अजून आडवीच होती, आणि दिव्याचा उजेड तिच्या हनुवटीवर होता. मी चार वर्षांची असताना शाळेचे मास्तर पट नोंदवायला घरोघर फिरत होते. हातात ग्रामपंचायतीची यादी. आमच्या दारात उभं राहून त्यांनी मोठ्याने वाचलं: काजल भिला पाटील, वय वर्षे सहा, शाळेत का नाही? जन्म नोंदला होता, मरण कुणी नोंदलं नव्हतं. "सहा वरीसमा कोनी तिन्हं नाव लिधं नव्हतं," माय म्हणाली. "तुन्हा बापनी बी नहीं. आनि मास्तर दारमा उभा ऱ्हाईसन म्हने, सहा वरीसनी. माले वाटनं, आपुन समजनूत गयी, पन कागदवर ती मोठी व्हई ऱ्हायनी." मेली म्हणून सांगायला तिने तोंड उघडलं, ते निघेना. मागे मी उंबऱ्यात खेळत होते. तिने माझा हात धरून मला पुढे केलं आणि म्हणाली, हाई शे. आबा संध्याकाळी चिडले, मग काही दिवसांनी पारावर जाऊन पोरीची तारीख पक्की आहे म्हणून सांगायला लागले. पाटीवर गुरुजींनी नाव लिहून दिलं, मी ते गिरवलं. शाळेत ती जायची, घरी मी यायचे. "तुले राग ई ऱ्हायना का?" मायने विचारलं. मला राग येत नव्हता. मला फक्त थंडी वाजत होती, बेचाळीस अंशांच्या उन्हात.

दुसऱ्या दिवशी पुनीतभाईंना म्हटलं, पंच्याऐंशी काढून टाका. ते खूश झाले. म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं, तारीख खोटी आहे?" मी म्हटलं, "तारीख खरी आहे पुनीतभाई. मुलगी दुसरी आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं, फोटोतल्या बाळीकडे बघितलं, मग माझ्या उजव्या कानाकडे. तिथलं जुनं भोक अजून दिसतं. मग यादीवर रेघ मारली आणि माझ्यासाठी चहा सांगितला. काम वाचलं होतं. आम्ही दोघेही बरोबर वाचत होतो. याचा मला आनंद व्हायला हवा होता, आणि खोटं कशाला बोलू, थोडासा झालाही.

आखाजीला आम्ही कोरीटला गेलो. शेत आता हिलाल बटाईने करतो. त्याने लिंबाखालचा पालापाचोळा झाडून ठेवला होता, दरवर्षी ठेवतो तसा. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक असावं. मायने दगडाजवळ लहान घागर टेकवली, मी पाणी ओतलं, तिने वर बोटाएवढी सांजोरी ठेवली. दोनच दात असलेल्याला चावता येईल एवढी मऊ. मी उभी राहून त्या जमिनीकडे बघत होते आणि माझं डोकं, सवयीने, हिशेब करत होतं: दहा महिने, खालचे दोन आलेले, त्यांच्या मागे हाडात कायमच्या दातांच्या टोप्या नुकत्या धरू लागलेल्या. हाड मातीत विरतं. दाताचं वरचं कवच विरायला फार काळ लागतो. म्हणजे ते दोन अजून तिथेच असणार. कणीएवढे. माझी जीभ आपोआप खालच्या समोरच्या दोन दातांवर गेली. लिंबाची सावली हलत नव्हती, पाखरू नव्हतं. माय खाली वाकली, एक हात जमिनीला टेकला आणि दात नसलेल्या तोंडाने, अगदी स्पष्ट, हाक मारली.

"काजल."

तीस वर्षांची सवय. हजेरीला, परीक्षेला, बक्षिसाला, दवाखान्याच्या पाटीला, या नावाला मीच ओ देत आले. आताही माझं तोंड उघडलं. जबडा खाली गेला, जीभ सुटली, ओ दातांपर्यंत आली. मायने माझ्याकडे वळून बघितलं नाही. ती कान देऊन थांबली होती. मी तोंड मिटलं, दात दातांवर घट्ट धरले आणि तिच्याबरोबर थांबले. थोड्या वेळाने मायने मान डोलावली, ऐकू आल्यासारखी, आणि उठायला माझ्याकडे हात केला.